जुन्या संघाला आज तुमची गरज आहे का?

पत्राचा सारांश : पत्रलेखक ३६ वर्षांचे असून अव्वल साखळीत खेळणाऱ्या एका फुटबॉल क्लबचे अनेक वर्षे कर्णधार होते. गुडघ्याच्या कूर्चेवर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली, त्याच सुमारास नवे प्रशिक्षक आले, मधल्या फळीतील त्यांची जागा गेली आणि करार संपताच, १४ महिन्यांपूर्वी, त्यांनी निवृत्ती जाहीर केली. निरोपाच्या कार्यक्रमात अध्यक्षांनी सर्वांसमक्ष सांगितले होते की, क्लबचे दार तुमच्यासाठी कायम उघडे राहील. त्यांचा जर्सीवरील आठ क्रमांक आता त्यांच्याच देखरेखीखाली तयार झालेल्या २१ वर्षांच्या खेळाडूकडे आहे. या हंगामात संघ सतत हरतो आहे, मधल्या फळीतील दोघे जायबंदी आहेत आणि चाहते समाजमाध्यमांवर 'परत या' असा आग्रह धरत आहेत. पत्रलेखक एकट्याने नियमित सराव करतात आणि धावण्याच्या चाचणीत निवृत्तीपूर्वीच्या वेळा आजही गाठतात. क्लबने त्यांना युवा अकादमीत प्रशिक्षकाचे काम देऊ केले आहे, त्या पत्राला त्यांनी अद्याप उत्तर दिलेले नाही. सहायक प्रशिक्षक त्यांचा जुना सहकारी आहे. पत्नी विरोध करत नाही, मात्र विषय निघाला की गप्प होते. ते लिहितात, "मी लवकर थांबलो असे मला रोज वाटते. पॉल स्कोल्स परतला, मग मी का नाही? मला माझ्या संघात परत जायचे आहे. कोणाकडे आणि कसा शब्द टाकू?"

नमस्कार.

शब्द कोणाकडे टाकावा, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी पुढे देणार आहेच. परंतु पत्र वाचताना जे सर्वांत आधी जाणवले ते प्रथम सांगते. तुमचा सराव, धावण्याच्या वेळा, चाहत्यांचे संदेश, अध्यक्षांचे शब्द हे सारे पत्रात सविस्तर आले आहे. संघाच्या खेळात नेमके काय कमी पडते आहे, प्रशिक्षकांना ते कसे दिसते आणि ते भरून काढण्यासाठी त्यांना कोणत्या प्रकारचा खेळाडू हवा आहे, याविषयी मात्र पत्रात एक ओळही नाही. तुम्ही कर्णधार असताना एखादा सहकारी 'मला खेळवा' असे म्हणत आला असता, तर तुम्ही त्याला पहिला प्रश्न हाच विचारला असता. तुमची इच्छा किती तीव्र आहे याबद्दल मला शंका नाही, पण परतण्याचा निर्णय तिच्यावर उभा राहू शकत नाही; तो संघाच्या गरजेवरच उभा राहू शकतो.

'मी लवकर थांबलो' हे वाक्यही एकदा तपासून पाहावे असे मला वाटते. तुम्हीच लिहिल्याप्रमाणे गुडघा, नवे प्रशिक्षक आणि गेलेली जागा या कारणांनी तुम्ही थांबलात. प्रशिक्षक आजही तेच आहेत, जागेवर दुसरा खेळाडू आहे, आणि गुडघ्याला इतक्या महिन्यांची विश्रांती मिळाली असली तरी झिजलेली कूर्चा विश्रांतीने भरून येत नाही. म्हणजे ज्या कारणांनी तुम्ही निर्णय घेतलात ती जवळजवळ जशीच्या तशी आहेत. त्या निर्णयासोबत दिवस काढणे मात्र तुम्हाला जड जाते आहे. यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही. किशोरवयापासून न्याहारी किती वाजता, मसाज कधी, बस कधी सुटणार हे सारे दुसऱ्या कोणीतरी ठरवलेले असते, आणि एका सकाळी ते वेळापत्रकच बंद पडते. इतर व्यवसायांतील माणसे ज्या वयात ऐन भरात येत असतात, त्या वयात खेळाडूच्या नावामागे 'माजी' लागते. या दुःखाला वर्ष-दीड वर्ष पुरत नाही आणि ते लवकर ओसरावे अशी घाई तुम्हीही करू नका, इतरांनीही करू नये. तरीही दुःख खरे आहे म्हणून निर्णय चुकला होता असा निष्कर्ष निघत नाही.

म्हणून कोणाशीही बोलण्यापूर्वी पुढचे दोन आठवडे एक नोंद ठेवा. दिवसातील कोणत्या वेळी संघाची आठवण सर्वांत जास्त येते, एवढेच तिच्यात लिहा. सामन्याच्या दिवशी संध्याकाळी, मैदानाकडे नेणाऱ्या बोगद्यातून बाहेर पडण्याच्या वेळेस जीव कासावीस होत असेल तर तुम्हाला खेळायचे आहे. आठवड्यातल्या एखाद्या साध्या सकाळी, फिजिओच्या टेबलावर पडल्या पडल्या चालणारी थट्टामस्करी आठवत असेल, तर तुम्हाला माणसे हवी आहेत. आणि फोन हातात घेऊन चाहत्यांचे संदेश पुन्हा पुन्हा वाचताना बरे वाटत असेल, तर आपली कोणाला तरी आठवण आहे एवढी खात्री तुम्हाला हवी आहे. यांपैकी केवळ पहिल्यासाठीच खेळाडू म्हणून करार करावा लागतो. बाकी दोन्हींसाठी अंतिम अकरात असण्याची गरज नाही. नोंद प्रामाणिक व्हावी म्हणून तिच्यात सामन्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळही लिहा, जेव्हा तुम्ही कठडा धरून एकेक पायरी आडव्या पावलाने उतरत होता. आठवणींतून ती सकाळ हटकून गळते.

आता स्कोल्सविषयी, कारण त्याचे नाव तुम्हीच घेतले आहे. मँचेस्टर युनायटेडच्या मधल्या फळीत खेळणाऱ्या या इंग्लिश खेळाडूने मे २०११ मध्ये निवृत्ती घेतली आणि ८ जानेवारी २०१२ रोजी एफए चषकाच्या सामन्यात मँचेस्टर सिटीविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला. मध्ये गेले ते जेमतेम सात महिने, आणि त्या काळातही तो क्लबच्या राखीव संघाच्या प्रशिक्षणात असल्यामुळे त्याच मैदानावर होता. त्याला पारखणारे व्यवस्थापक अॅलेक्स फर्ग्युसन हे त्याला लहानपणापासून ओळखत होते आणि संघाची मधली फळी तेव्हा दुखापतींनी खिळखिळी झाली होती. त्याचा १८ क्रमांक तोपर्यंत अॅशले यंगला दिला गेला होता, तेव्हा स्कोल्सने २२ क्रमांक घेतला आणि तो खेळू लागला. पुढच्या, म्हणजे २०१२-१३ च्या, हंगामात साखळीचे विजेतेपद मिळवून तो दुसऱ्यांदा निवृत्त झाला. हे तुमच्या परिस्थितीशी ताडून पाहा. तुमचे अंतर त्याच्या दुप्पट आहे, तुम्हाला बाकावर बसवणारे प्रशिक्षक आजही पदावर आहेत आणि निवृत्तीनंतर क्लबच्या सरावात तुम्ही एकदाही उतरल्याचा उल्लेख पत्रात नाही.

डच आघाडीपटू आर्यन रॉबेनची गोष्ट मला तुमच्या अधिक जवळची वाटते. बायर्न म्युनिक सोडून २०१९ मध्ये तो निवृत्त झाला आणि २०२० मध्ये, तुमच्याच वयाचा असताना, नेदरलँड्समधील ज्या ग्रोनिंगेन क्लबकडून त्याची व्यावसायिक कारकीर्द सुरू झाली होती त्याच क्लबकडे परतला. सप्टेंबरमध्ये पीएसव्हीविरुद्धच्या पहिल्याच साखळी सामन्यात त्याला पूर्वार्धातच दुखापतीमुळे बाहेर यावे लागले आणि हंगामाचा मोठा भाग उपचारांत गेला. मे २०२१ मध्ये एमेनविरुद्ध त्याने दोन गोलांसाठी पास दिले, तेव्हा त्याच्या डाव्या पायाची जादू शाबूत असल्याचे सर्वांना दिसले. जुलैमध्ये तो पुन्हा, आणि कायमचा, थांबला. या पुनरागमनाला मी अपयश म्हणणार नाही, कारण करोनाच्या काळात अडचणीत आलेल्या आपल्या क्लबला हातभार लावायचा हा हेतू त्याने सुरुवातीपासून उघड ठेवला होता. पण प्रतिभा आणि जिद्द दोन्ही असूनही शरीर सोबत करीलच असे नाही, हे त्याच्या त्या वर्षातून स्पष्ट दिसते. याउलट, २०११ च्या मार्चमध्ये आपला जुना गोलरक्षक, ४१ वर्षांच्या जेन्स लेमनला आर्सेनलने बोलावले ते संघाचे गोलरक्षक जायबंदी झाले म्हणून, मोजक्या आठवड्यांसाठी. ब्लॅकपूलविरुद्ध एक साखळी सामना तो खेळला, आर्सेनल जिंकला आणि हंगाम संपताच तो निघाला. कोणाच्याच मनात गैरसमज नव्हता, कारण गरज आणि मुदत दोन्ही पहिल्या दिवशीच ठरलेल्या होत्या.

सुनील छेत्रीचे उदाहरण तुमच्या मनात असेलच. ६ जून २०२४ रोजी कुवेतविरुद्ध त्याने भारताकडून अखेरचा सामना खेळला, आशियाई चषकाच्या पात्रता फेरीसाठी मार्च २०२५ मध्ये त्याला पुन्हा बोलावले गेले आणि मालदीवविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात चाळिशीतल्या छेत्रीने हेडरने गोलही केला. येथे दोन बाबी लक्षात घ्याव्यात. तो केवळ राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला होता. क्लबसाठी तो सलग खेळत होता आणि त्या मोसमात भारतीय खेळाडूंमध्ये गोलांच्या यादीत अग्रभागी होता, म्हणजे 'तो अजून खेळू शकतो का' हा प्रश्न उरलाच नव्हता. दुसरी बाब अधिक अवघड आहे. तो परतूनही भारत २०२७ च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरला नाही. यात छेत्रीचा दोष मुळीच नाही. पण एखाद्या संघाला गोलसाठी पुन्हा जुन्याच माणसाकडे वळावे लागते तेव्हा दुखणे खोलवर असते आणि एक खेळाडू, कितीही मोठा असला तरी, ते बरे करू शकत नाही. तुमचा संघ सतत हरतो आहे, असे तुम्ही लिहिता. तुम्ही परतल्यावरही तो जिंकू लागला नाही तर त्या पराभवांवर तुमचेही नाव लागेल. ते तुम्हाला सोसवेल का, हे आजच स्वतःला विचारा.

धावण्याच्या वेळांवर तुम्ही फार विसंबून आहात असे मला वाटते. एकट्याने धावताना कोठे वळायचे हे तुम्हाला आधीच ठाऊक असते. सामन्यात बचावपटूकडून चेंडू तुमच्याकडे येत असताना तुम्ही खांद्यावरून एकदा, दोनदा मागे पाहता, प्रतिस्पर्धी कोणत्या बाजूने येतो आहे हे हेरता, चेंडू उजव्या पायाच्या बाहेरच्या अंगाने घेता आणि डाव्या पायावर भार देऊन वळता. यातले पाहणे आणि हेरणे वयाने जात नाही, उलट मुरत जाते. जाते ते वळल्यानंतरचे तिसरे पाऊल. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यावर भार पडला की शरीर क्षणभर अंग चोरते, आणि तेवढ्या क्षणात विशीतला प्रतिस्पर्धी पाय घालून चेंडू काढून नेतो. अव्वल दर्जाच्या सामन्यात मधल्या फळीतील खेळाडू साधारणपणे १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो, परंतु ते सरळ रेषेत नसते. थांबणे, वळणे, पुन्हा वेग घेणे हे अखंड चालू असते आणि ते सारे दुसऱ्याच्या हालचालीला उत्तर म्हणून करावे लागते. दम सराव थांबल्यावर काही आठवड्यांतच घटू लागतो आणि मेहनतीने बराचसा परतही मिळवता येतो. स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे मात्र नव्या भाराशी त्याहून सावकाश जुळवून घेतात. म्हणूनच 'आता मी पूर्ण तयार आहे' असे वाटू लागते नेमक्या त्याच सुमारास मांडीमागचा स्नायू दगा देतो. या स्नायूची, म्हणजे हॅमस्ट्रिंगची, दुखापत ही फुटबॉलमधील सर्वाधिक आढळणारी स्नायूची दुखापत आहे, आणि पूर्वी झालेली दुखापत ही नव्या दुखापतीची सर्वांत ठळक पूर्वसूचना मानली जाते.

तेव्हा क्लबकडे जाण्यापूर्वी ज्याचा क्लबशी आणि तुमच्या एजंटशी संबंध नाही अशा अस्थिरोगतज्ज्ञाकडून गुडघा तपासून घ्या. 'मी खेळू शकतो का' एवढेच विचारू नका, कारण त्याचे उत्तर बहुधा 'हो, काळजी घेऊन' असेच येईल. आणखी एक हंगाम खेळलो तर पन्नाशीत हा गुडघा कसा असेल, हे विचारा. गुडघ्याला गंभीर दुखापत झालेल्या माजी फुटबॉलपटूंमध्ये पुढे संधिवाताचे प्रमाण अधिक आढळते, ही तुमच्या व्यवसायातील जुनी आणि सिद्ध झालेली गोष्ट आहे. ती तपासणी पत्नीला सोबत घेऊन करा. तिचे गप्प राहणे तुम्ही संमती म्हणून मोजता आहात. दोन शस्त्रक्रियांनंतर रात्री तुम्हाला उठवून बसवणारे माणूस गप्प असते तेव्हा त्यात भीती असण्याचीच शक्यता अधिक. 'तू काय म्हणतेस' असे न विचारता 'तुला कशाची भीती वाटते' असे विचारून पाहा आणि उत्तर मिळाल्यावर लगेच समजूत घालू नका.

आठ क्रमांकाच्या त्या मुलावर मला जरा थांबायचे आहे, कारण तुम्ही त्याच्याविषयी प्रेमाने, पण घाईघाईने लिहिले आहे. 'माझ्या अनुभवाचा त्याला फायदाच होईल' असे तुमचे वाक्य आहे. तसे होऊ शकते, यात शंका नाही. पण त्याच्या जागी उभे राहून पाहा. हंगाम वाईट चालला आहे, वय २१ आहे, पाठीवर तुमचा क्रमांक आहे, आणि प्रत्येक चुकलेल्या पासनंतर प्रेक्षकांतून पुटपुटणे ऐकू येते आहे. अशा वेळी त्याचा आदर्श असलेला माणूस खेळायचे कपडे घालून बाकावर येऊन बसला, तर मैदानावरील त्या मुलाला तो आधार वाटेल की निकाल वाटेल? हे त्याच्या स्वभावावर अवलंबून आहे आणि तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. तुमच्या पहिल्या हंगामात एखाद्या ज्येष्ठ खेळाडूने तुमच्यासाठी जागा सोडली असेलच. ती न सोडता तो आणखी दोन वर्षे थांबला असता तर तुमच्या कारकिर्दीचे काय झाले असते, याचाही विचार करा. आणि परतलातच, तर आठ क्रमांक मागू नका, कोणी देऊ केला तरी घेऊ नका.

प्रशिक्षकांची बाजूही तितकीच नाजूक आहे. ज्या माणसाने तुम्हाला वगळले, त्याच्या हाताखाली तुम्हाला बाकावर बसायचे आहे. संघ एका गोलने मागे असेल, साठावे मिनिट उलटले असेल आणि प्रेक्षक तुमच्या नावाचा घोष करू लागतील. तो घोष तुमच्यासाठी कौतुकाचा असेल, पण त्यांच्यासाठी तो जाहीर अविश्वास असेल, आणि तुम्ही मान खाली घालून बसलात तरी तुमच्या केवळ असण्यातून त्यांचा अधिकार कमी होत जाईल. चाहत्यांच्या प्रेमाविषयी मला आदर आहे. मात्र 'परत या' म्हणणाऱ्या चाहत्याला आठवतात ते तुम्ही अठ्ठाविसाव्या वर्षीचे, आणि सलग चार सामने हरल्यावर तोच चाहता हळहळत का होईना, पण टीका करील. त्या संदेशांना संघाची मागणी समजू नका. अध्यक्षांच्या वाक्याचेही तसेच. निरोपाच्या व्यासपीठावरील शब्द मनापासूनचे असतात, करारातील कलम नसतात. अकादमीचे पत्र पाठवून त्यांनी ते दार प्रत्यक्षात उघडलेही आहे. फक्त तुम्हाला हवे होते ते दार ते नाही.

एवढे सगळे तपासूनही इच्छा तशीच राहिली, तर जरूर विचारा. न विचारता आयुष्यभर मनात कुढत राहणे यापेक्षा स्पष्ट नकार पचवणे सोपे असते, असे माझे मत आहे. मात्र अध्यक्षांकडे जाऊ नका. त्यांनी वरून शब्द टाकला तर प्रशिक्षक तुम्हाला घेतील, पण खेळवणार नाहीत. जुन्या सहकाऱ्यालाही मध्ये घालू नका. तो आज प्रशिक्षकांचा सहायक आहे आणि तुमच्यासाठी रदबदली करायला लावणे म्हणजे त्याच्या नोकरीशी त्याच्या मैत्रीची टक्कर लावणे होय. पत्रकारांना चुकूनही सुगावा लागू देऊ नका. क्रीडा संचालकांना थेट फोन करून, प्रशिक्षक उपस्थित असतील अशी भेट मागा आणि तेथे पहिले वाक्य स्वतःविषयी बोलू नका. "या हंगामात मधल्या फळीत तुम्हाला काय कमी पडते आहे असे वाटते?" असे विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. त्यांना वेग हवा असेल, पळून दडपण आणणारा खेळाडू हवा असेल, तर तो तुम्ही नाही, हे तुम्हाला तिथल्या तिथे कळेल. शेवटच्या वीस मिनिटांत चेंडू ताब्यात ठेवून सामना शांत करणारा माणूस हवा असेल, तर मात्र तुम्ही म्हणू शकता, "मी सहा ते आठ आठवडे क्लबच्या राखीव संघासोबत, कोणताही करार आणि जाहीर घोषणा न करता सराव करतो. त्यानंतर तुम्ही नाही म्हणालात तर मी नाराज होणार नाही आणि बाहेर बोलणारही नाही." त्या आठवड्यांत अकरा विरुद्ध अकरा असे किमान दोन-तीन सामने प्रेक्षकांविना खेळा. खेळताना कसे वाटले याला फारसे महत्त्व देऊ नका; पुढच्या ४८ तासांत गुडघा सुजतो का, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही पूर्ण सराव करू शकता का, हे फिजिओला लिहून ठेवायला सांगा.

नियमांच्या बाबतीत थोडक्यात. करार संपल्यावर कारकीर्द थांबवणाऱ्या व्यावसायिकाची नोंदणी, फिफाच्या नियमांनुसार, अखेरच्या अधिकृत सामन्यापासून ३० महिने त्याचा शेवटचा क्लब ज्या राष्ट्रीय फुटबॉल संघटनेत मोडतो तिच्याकडेच राहते, त्यामुळे त्या बाजूने तुम्हाला मोठी अडचण येऊ नये. नोंदणीची मुदत आणि स्पर्धेच्या खेळाडू-यादीची मुदत या मात्र निरनिराळ्या असतात, दोन्ही तपासा. तुम्ही उत्तेजकविरोधी यंत्रणेच्या नोंदणीकृत चाचणी गटात असाल आणि निवृत्ती लेखी कळवून त्यातून बाहेर पडला असाल, तर पुन्हा स्पर्धेत उतरण्यापूर्वी सहा महिने आधी लेखी सूचना देऊन चाचणीसाठी उपलब्ध राहावे लागते. परतणाऱ्या खेळाडूचा बेत याच एका अटीवर अडू शकतो, म्हणून ही चौकशी सर्वांत आधी करा. करार वैद्यकीय तपासणीच्या निकालावर अवलंबून ठेवता येत नाही, असाही नियम आहे; म्हणजे तपासणी सहीपूर्वीच होणार आणि तिचा अहवाल तुमच्याही हाती आला पाहिजे.

करार झालाच तर तो याच हंगामाच्या अखेरीपर्यंतचा असावा आणि तुमची भूमिका त्यात किंवा सोबतच्या पत्रात लिहिलेली असावी: बहुतेक सामन्यांत बदली खेळाडू, कर्णधारपद नाही, दुखापत झाल्यास उपचारांचा खर्च कोणाचा. पैशांविषयी तुम्ही काहीच लिहिलेले नाही, पण निवृत्तीनंतर आर्थिक ओढाताण असेल तर ती स्वतःपासून लपवू नका. डच फुटबॉलपटू योहान क्रायफ १९७८ मध्ये थांबला होता आणि फसलेल्या गुंतवणुकीत पैसा गेल्यामुळे १९७९ मध्ये त्याला पुन्हा खेळावे लागले. पुढे १९८१ मध्ये तो आयाक्स या आपल्या जुन्या क्लबमध्ये परतला, सलग दोन विजेतेपदे मिळवली, आणि क्लबने करार पुढे न वाढवल्यावर १९८३ मध्ये कट्टर प्रतिस्पर्धी फेयेनूर्दकडे जाऊन तेथेही साखळी आणि चषक जिंकला. ज्याच्या नावाने क्लब ओळखला जावा अशा खेळाडूलाही जुन्या क्लबने हिशेब करूनच वागवले. तुमच्या बाबतीतही तसे झाले तर तो अपमान समजू नका.

अशाच पेचात असणाऱ्या इतर वाचकांपैकी बहुतेकांच्या मागे चाहते नसतात आणि क्लबचे पत्रही येत नाही. कोणी छोट्या क्लबचा गोलरक्षक असतो, कोणी महाविद्यालयाच्या संघाचा जुना कर्णधार. त्यांनाही माझे सांगणे हेच की, ज्या संघात परतायचे आहे त्याचे सध्याचे किमान पाच सामने शांतपणे, शेवटच्या शिटीपर्यंत पाहा आणि आपण कोणत्या मिनिटाला, कोणाच्या जागी, कशासाठी उतरलो असतो हे लिहून काढा. ते लिहिता आले नाही, तर ज्येष्ठांच्या स्पर्धा आहेत, मैत्रीपूर्ण सामने आहेत, आणि पंच म्हणून किंवा मुलांना शिकवण्यासाठी माणसांची वानवा सगळीकडेच आहे.

राहिले ते अकादमीचे पत्र. तुम्ही ते 'खेळता येत नसेल तर दिलेले काम' असे समजून बाजूला ठेवले आहे, आणि मला वाटते की येथे तुम्ही क्लबवरही अन्याय करता आहात आणि स्वतःवरही. रेआल माद्रिदचा माजी खेळाडू झिनेदिन झिदान त्याच क्लबच्या पहिल्या संघाचा प्रशिक्षक जानेवारी २०१६ मध्ये झाला, त्याआधी तो सहायक होता आणि नंतर क्लबच्या दुसऱ्या संघाला घडवत होता. त्यानंतर सलग तीन वेळा चॅम्पियन्स लीग जिंकली. प्रत्येकाच्या वाट्याला ते येत नाही, आणि चांगला खेळाडू चांगला शिक्षक होतोच असेही नाही. पण चेंडू येण्यापूर्वी खांद्यावरून मागे कधी पाहायचे, हे पंधरा वर्षांच्या मुलाला मैदानावर उभे राहून दाखवू शकणारी माणसे फार थोडी असतात. शिवाय अकादमीत असलात तर तुम्ही रोज त्याच आवारात असाल, प्रशिक्षक तुम्हाला चेंडूसह पाहतील, आणि गरज खरोखर उद्भवली तर पहिला विचार तुमचाच होईल. क्लबला लिहा की तुम्हाला हे काम हंगामाच्या अखेरीपर्यंत करून पाहायचे आहे, प्रशिक्षकाच्या परवान्याच्या अभ्यासक्रमासाठी वेळ मिळावा, आणि खेळाडू म्हणून तुमच्या मनात काय आहे तेही एका भेटीत मोकळेपणाने बोलायचे आहे. उत्तर बरेच दिवस लांबले आहे, त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करून ते याच आठवड्यात पाठवा.